रिलॅक्सरनंतर तुटणारे केस : जानेवारी ते ऑक्टोबरच्या नोंदी

११ जानेवारी, रविवार

आजपासून वही. रिलॅक्सरचं (कुरळे केस कायमचे सरळ करणारं क्रीम) शेवटचं रीटच, म्हणजे मुळाशी उगवलेल्या नवीन केसांना ते परत लावणं, १४ डिसेंबरला झालं, त्याला चार आठवडे झाले आणि या चार आठवड्यांत केसांची जी दशा झालीय ती बघून सकाळी उठल्यावर उशीकडे बघवत नाही. सहा वर्षं रिलॅक्सर लावतेय, दर नऊ-दहा आठवड्यांनी, पण असं कधी झालं नव्हतं. जो भेटेल तो म्हणतो केस गळतायत, टेन्शन घेऊ नकोस, रक्त तपास, तेल बदल. मला आधी नीट बघायचंय की होतंय काय, मग उपाय.

पद्धत ठरवली. आठवड्यातून एकदा, रविवारीच केस धुवायचे. तोच मोठ्या दातांचा कंगवा, खाली पांढरा टॉवेल, आणि धुताना-विंचरताना येतील ते सगळे केस गोळा करून मोजायचे. कंटाळा आला तरी मोजायचे.

आजचा आकडा १४३.

१२ जानेवारी

कालचे केस कागदाच्या पुडीत ठेवले होते ते रात्री टेबल लॅम्पखाली काळ्या पुठ्ठ्यावर एकेक करून पसरले. केस काळा, पुठ्ठा काळा, त्यामुळे केस फारसा दिसत नाही पण मुळाचा पांढरा ठिपका असेल तर तो लगेच चमकतो. आपोआप गळलेल्या केसाला एका टोकाला हा ठिपका असतोच, खसखशीच्या दाण्याहून बारीक. तुटलेल्याला नसतो.

१४३ पैकी ठिपका असलेले ४१. नसलेले १०२!

दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल धरतात, म्हणजे ते ४१ काळजीचे नाहीतच, काळजी त्या १०२ ची आहे. आपण मराठीत सरसकट 'केस गळतात' म्हणतो ना, त्यात हा फरक बुडून जातो. गळणं मुळापासून, तुटणं मधूनच. माझं मुळातून काही बिघडलेलं दिसत नाहीये, बिघडलंय ते केसाच्या दांड्यात, आणि मी महिनाभर डोक्याला तेलं चोळत बसले होते.

मग पट्टी घेतली. बिनठिपक्याच्या १०२ पैकी ३८ तुकडे आखूड, १ ते ४ सेंटिमीटर, ते शेंड्यांचे, फाटे फुटलेले, ते समजू शकते. पण ६४ केस चांगले लांब निघाले आणि जवळपास सगळे ३० ते ३४ सेंटिमीटरच्या दरम्यान. लांब होते म्हणूनच मला वाटत राहिलं की मुळापासून आलेत. टाळूवरचा माझा अख्खा केस ३८ सेंटिमीटर भरतो. म्हणजे हे ६४ च्या ६४ डोक्यापासून ४ ते ८ सेंटिमीटरवर तुटलेत. एकाच पट्ट्यात.

१३ जानेवारी

दोन आरसे समोरासमोर धरून टाळूवर बघितलं. मधेच उभे राहिलेले आखूड केस, बोटभर उंचीचे, टोकं बोथट. मी त्यांना नवीन उगवलेले समजत होते आणि खूश होत होते. नवीन केस टोकाला निमुळता असतो, हे तर दोरी कापल्यासारखे.

ताईला फोन केला. डिसेंबरचं रीटच तिनेच घरी लावून दिलं होतं. विचारलं, क्रीम नेमकं कुठपर्यंत लावलंस? थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "अगं, मुळांकडच्या नवीन केसांना लावलं आणि खाली चार बोटं ओढलं. मागच्या वेळचा भाग अर्धवट सरळ झालाय, लाटा दिसतायत असं तूच म्हणाली होतीस ना." हो, मीच म्हणाले होते. मीच आरशात बघून 'इथे पण लाव' असं दाखवलं होतं. तिला रडू यायला लागलं तेव्हा तिला हेच सांगितलं की ताई, माहिती दोघींनाही नव्हती, आता तरी नीट शोधून काढू.

तर चार बोटांचा तो पट्टा दोनदा भाजला गेलाय. एकदा ऑक्टोबरमध्ये, एकदा डिसेंबरमध्ये. आणि पट्टीने मोजलेली जागा बरोब्बर तीच आहे.

१८ जानेवारी, रविवार

एकूण १३१, बिनठिपक्याचे ९४.

आठवडाभर वाचत होते. समजलं ते माझ्या भाषेत लिहून ठेवते म्हणजे पुन्हा कोणी 'अजून एकदा हलकंसं लावून बघ' म्हणालं तर वही उघडेन.

केस म्हणजे केराटिन, प्रोटीनच्या साखळ्या. त्या साखळ्या एकमेकींना सल्फरच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात, एका टाक्यात दोन सल्फर. केसाची ताकद आणि त्याचा वळलेला आकार या टाक्यांवर बराच अवलंबून असतो. रिलॅक्सरमधलं अल्कली (लाय प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड, नो-लायमध्ये दोन डबे एकत्र केल्यावर तयार होणारं ग्वानिडीन हायड्रॉक्साइड) या टाक्यातला एक सल्फर काढून टाकतं आणि जागेवर एकाच सल्फरचा टाका बसतो, त्याला लॅन्थिओनिन म्हणतात. हा बदल उलटा फिरत नाही. कुठल्याही मास्कने, सीरमने, तेलाने नाही. पर्ममध्ये (केस कुरळे करण्याच्या ट्रीटमेंटमध्ये) किंवा थायो प्रकारच्या स्ट्रेटनिंगमध्ये टाके उघडून पेरॉक्साइडने परत जोडतात, ते केमिकलच वेगळं, आणि म्हणूनच हायड्रॉक्साइडवाल्या केसावर थायो लावायचं नाही, दोन्ही मिळून केस जागच्या जागी तुटू शकतो.

पीएचचा आकडा बघून मला खरंच धडकी भरली. डोक्याच्या कातडीचा पीएच साधारण साडेपाच, आणि हे क्रीम १२ ते १४. एवढ्या अल्कलीत केस फुगतो, वरचे खवले उघडतात, आणि केसावर निसर्गतः जो तेलकट थर चिकटलेला असतो (१८-एमईए म्हणतात त्याला) तो निघून जातो. केस पाणी पटकन पितो, पटकन सोडतो, एकमेकांवर घासतो, गुंततो. ज्या केसावर हे एकदा झालंय त्याच्यावरच दुसऱ्यांदा झालं की टाके किती उरणार.

म्हणजे तो पट्टा दुरुस्त होणार नाही. तो सांभाळून खाली सरकू द्यायचा आणि मग कापायचा. महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढ धरली तर वर्षाचं काम. हाच प्रकल्प.

२५ जानेवारी, रविवार

१३८. वाढले, पण आज घाईत ओढून विंचरलं हे प्रामाणिकपणे लिहिते.

ताई म्हणते सगळे कापून टाक, मोकळी होशील. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी तो सगळ्यात सोपा रस्ता आहे हे कळतं मला, पण मला नाही जमत, मला माझे लांब केस आवडतात आणि ते हळूहळू सोडायचेत. मधला मार्ग म्हणून शेंड्यांकडचे ६ सेंटिमीटर कापले, फाटे वर चढत जातात म्हणून. स्ट्रेटनर आणि ड्रायर ताईच्या घरी नेऊन ठेवले. ओल्या केसावर गरम स्ट्रेटनर फिरवला की आतलं पाणी उकळून केसात अक्षरशः बुडबुडे होतात, आणि मी हे कित्येकदा केलंय, चुरचुर आवाज यायचा आणि मला वाटायचं क्रीम वाळतंय.

१ फेब्रुवारी, रविवार

१२६ / ८८. (आता पहिला आकडा एकूण, दुसरा बिनठिपक्याचे.)

नो-लाय वापरत होते कारण 'सौम्य' लिहिलेलं असतं. कातडीला ते थोडं कमी भाजतं, खरंय, पण त्यातलं कॅल्शियम केसावर साचून राहतं, केस खरखरीत आणि निस्तेज होतो आणि कंडिशनर लावला तरी आत काही पोचल्यासारखं वाटत नाही. त्यासाठी कीलेटिंग शाम्पू लागतो, म्हणजे साचलेलं कॅल्शियम धरून धुऊन काढणारा, लेबलवर ईडीटीए (हे काम करणारा घटक) असलेला आणि कीलेटिंग म्हणूनच विकला जाणारा, कारण थोडंसं ईडीटीए तर बहुतेक शाम्पूंत असतं. आज पहिल्यांदा वापरला. केस धुतल्यावर बोटं पहिल्यांदाच अडकली नाहीत. महिन्यातून एकदाच वापरायचा, जास्त नाही, कोरडं करतो.

८ फेब्रुवारी, रविवार

११९ / ८३

आज ओला केस ताणून बघितला. विंचरताना आलेला एक लांब केस घेतला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ओढला. धडधाकट ओला केस जवळजवळ तीस टक्के ताणला जातो आणि सोडला की परत येतो. माझ्या केसाचा वरचा, नवीन उगवलेला जेमतेम दोन सेंटिमीटर भाग तसा वागला. त्याच्या खालचा पट्टा च्युइंगमसारखा लांबत गेला, बारीक झाला, परत आलाच नाही आणि आवाज न करता तुटला. हातात दोन टोकं राहिली.

असा लांबून तुटत असेल तर प्रोटीन हवं म्हणतात. हायड्रोलाइझ्ड केराटिन किंवा गव्हाचं प्रोटीन असलेली ट्रीटमेंट. प्रोटीनचे हे बारीक तुकडे उघड्या खवल्यांत काही काळ जाऊन बसतात, तात्पुरता टेकू मिळतो. टेकूच, टाका नाही.

१५ फेब्रुवारी

१०४ / ६९. प्रोटीनचा फरक दिसतोय!

२२ फेब्रुवारी

९७ / ६३. परत प्रोटीन लावलं.

१ मार्च, रविवार

१२९ / ९६. उलटं फिरलं.

चूक माझी. लागोपाठ तीन रविवार प्रोटीन. केस काडीसारखे कडक झालेत, वेणी घातली तर टोकं टोचतात, आणि आज ताणून बघितलं तर लांबलाच नाही, कट्कन मोडला. म्हणजे आधी लांबून तुटत होता, आता न लांबता मोडतोय. आकडे लिहून ठेवले नसते तर मी चौथ्या रविवारीही तेच केलं असतं कारण दोन आठवडे छान गेले होते. आता प्रोटीन सहा आठवड्यांतून एकदा, मधे फक्त साधा मॉइश्चर कंडिशनर, भरपूर.

१५ मार्च, रविवार

९१ / ५५

आज विंचरण्याबद्दल लिहायचंय कारण मला वाटतं सगळ्यात जास्त फरक यानेच पडला, बाटल्यांनी नाही.

आता वरती कुरळा केस तीन-साडेतीन सेंटिमीटर आलाय आणि खाली सरळ. या दोघांची जिथे गाठ पडते ती जागा म्हणजे सगळं नाजूक प्रकरण. कुरळा भाग जाड, वळलेला, ओढलं की स्प्रिंगसारखा खेचतो. सरळ भाग पातळ, त्यात ताकद नाही. आणि ताण येऊन पडतो तो बरोबर सांध्यावर आणि त्याच्या खालच्या त्या दोनदा भाजलेल्या पट्ट्यावर. मी आयुष्यभर मुळापासून खाली असा कंगवा ओढलाय, म्हणजे सगळा गुंता खाली ढकलत न्यायचा आणि शेवटी झटका द्यायचा, तो झटका कुठे बसत असेल ते आता कळतंय.

आता असं करते. कोरडे असताना कंगवा नाहीच. धुताना कंडिशनर लावून, तो केसात असतानाच, डोक्याचे आठ भाग करते, क्लिप लावते. एक बट घ्यायची, डाव्या हाताच्या बोटांनी सांध्याच्या खाली घट्ट धरायची, म्हणजे ओढ वर पोचतच नाही, आणि उजव्या हाताने आधी शेंडे बोटांनी सोडवायचे, मग कंगवा, मग दोन बोटं वर, परत शेंड्यापर्यंत. गाठ असेल तर तिथे अजून थोडा कंडिशनर आणि बोटाने उकलायची, तोडायची नाही. पाऊण तास लागतो. पहिल्या दिवशी खांदे भरून आले. पण त्या पाऊण तासात हाताला कळायला लागतं बघा, कुठली बट आज कुरकुरतेय आणि कुठे थांबायचं.

रात्री सॅटिनचा अभ्रा. सुती कापड केस खेचतं आणि ओलावाही शोषतं.

५ एप्रिल, रविवार

८४ / ४७

काही केसांवर बारीक पांढरे ठिपके दिसले, दांड्याच्या मधेच. आधी कोंडा वाटला पण पुसून जात नाहीत. ठिपक्यापाशी केस वाकवला की तिथेच मोडतो.

९ एप्रिल

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी भिंगातून केस दाखवला, ठिपक्याच्या जागी केसाचे धागे सुटून दोन ब्रश एकमेकांत खुपसल्यासारखे दिसतात. ट्रायकोरेक्सिस नोडोसा म्हणतात, केमिकल, उष्णता, घासणं यांनी होतं. औषध असं काही नाही, मार थांबवायचा, एवढंच. मग डोक्याची कातडी बराच वेळ बघितली कारण रिलॅक्सरने कातडी भाजली आणि व्रण राहिले तर तिथून केस परत येत नाहीत. माझी कातडी ठीक आहे. व्रण नाहीत, मुळं जिवंत आहेत. बाहेर येऊन जिन्यातच ताईला फोन लावला.

कातडीवर पांढरट, गुळगुळीत, बिनछिद्रांचे चट्टे दिसत असतील, किंवा आग होत असेल, किंवा ठिपक्यासकट गळणारे केसच खूप असतील तर वह्या भरत बसू नये, आधी दाखवून यावं.

१९ एप्रिल, रविवार

७६ / ४१

तेलाबद्दल माझं मत थोडं बदललं. मुळांना चोळून तुटणं थांबत नाही हे खरंच, पण धुण्याआधी केसाच्या लांबीवर खोबरेल लावायला अर्थ आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती आणि धुताना केसातून निघून जाणारं प्रोटीन फक्त खोबरेलाने कमी झालं होतं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचं, म्हणून केसाच्या आत शिरतं. रात्री लावते, सकाळी धुते.

१७ मे

६२ / ३१. सांगण्यासारखं काही नाही. तेच सगळं चालू आहे.

१४ जून, रविवार

५८ / २९

पुढच्या आठवड्यात एक कार्यक्रम आहे आणि दोन दिवस सारखं मनात येतंय की फक्त वरच्या सात सेंटिमीटरला लावलं तर? सगळं एकसारखं सरळ दिसेल, सांधा राहणार नाही, विंचरणं सोपं. नियमाप्रमाणे तर नवीन केसालाच लावायचं असतं, म्हणजे चूकही नाही. पण तो दुखावलेला पट्टा सांध्याला लागूनच आहे, क्रीम एक बोट खाली गेलं की संपलं.

आणि दुसरंही आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचा अभ्यास आला, ३३,४९७ बायका, जवळपास अकरा वर्षं. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करण्याची केमिकल्स वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. सत्तरीपर्यंतचा धोका न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, नेहमी वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. यावरून कारण सिद्ध झालं असं होत नाही आणि आकडा लहानच आहे, तरी मी वर्षाला पाच-पाच वेळा लावत होते. नाही लावणार. कार्यक्रमाला दोन पेडांची वेणी घालून वर बांधेन, सांधा आत लपतो.

१२ जुलै, रविवार

५१ / २४

आज ताईचं रीटच. तिला रिलॅक्सर सोडायचं नाहीये, तो तिचा निर्णय, वरचा अभ्यास तिने वाचलाय. मग म्हटलं निदान नीट करू, मी लावते. तीन दिवस डोकं धुवायचं-खाजवायचं नाही असं सांगून ठेवलं होतं. कपाळाच्या कडेला, कानांमागे, भांगाभांगाने कातडीवर व्हॅसलिन. आणि जुन्या सरळ केसांवर, सांध्यापासून खाली, व्हॅसलिन आणि कंडिशनरचा जाड थर, म्हणजे क्रीम ओघळलं तरी तिथे लागणार नाही. क्रीम फक्त नवीन दोन-अडीच सेंटिमीटरला, कंगव्याच्या शेपटीने. पाकिटावरची वेळ घड्याळात लावली, एक मिनिटही वर नाही, थोड्या लाटा राहिल्या तर राहू देत, ताईने स्वतःच म्हटलं, "राहू दे गं."

नंतर कोमट पाण्याने बराच वेळ धुऊन न्यूट्रलायझिंग शाम्पू. याच्या फेसात रंग बदलणारं इंडिकेटर असतं, केसात अल्कली उरलं असेल तर फेस गुलाबी होतो. पहिला फेस चांगला गुलाबी, दुसरा फिकट, तिसरा वरून पांढरा दिसला आणि ताई उठायला लागली, पण मानेजवळच्या केसात बोटं घालून चोळलं तर तिथून परत गुलाबी आला. तिथेच नेहमी कमी धुतलं जातं. चौथ्यांदा, मग पाचव्यांदा, मानेजवळही शुभ्र पांढरा आला तेव्हा थांबलो. डिसेंबरमध्ये आम्ही दोनदाच धुतलं होतं.

९ ऑगस्ट

४९ / २०. साडेनऊ सेंटिमीटर कुरळे. टाळूवरचे ते बोथट आखूड केस आता बाकीच्यांत मिसळायला लागलेत.

६ सप्टेंबर

५२ / २३. आकडा याच्या खाली जाईल असं वाटत नाही. जे तुटतायत ते अजूनही त्याच पट्ट्यातून, फक्त पट्टा आता बराच खाली सरकलाय. कापायला मी तयार आहे.

४ ऑक्टोबर, रविवार

ताई सकाळीच आली. धारदार, केसांसाठीचीच कात्री, दुसऱ्या कशाला न वापरलेली, नाहीतर फाटे लगेच फुटतात. केस ओले केले कारण ओल्यात सांधा स्वच्छ दिसतो, वर वळलेलं आणि खाली एकदम सुतासारखं सरळ. बट बट घेऊन सांध्याच्या किंचित वर कापत गेली. दीड तास लागला. ताणून मोजले तर साडेअकरा सेंटिमीटर, सोडले की पाचच दिसतात.

धुतल्यावर मोजले. ४३. ठिपका नसलेले ४.

एक बट वहीत चिकटवलीय, कापताना ताईला मुद्दाम मुळाजवळून घ्यायला सांगितली. वरचा भाग कुरळा, मग सांधा, मग तो चार बोटांचा पट्टा, त्यातले केस खालच्यापेक्षाही बारीक झालेले, मग जुने सरळ. ताईने वही खिडकीपाशी नेली, पट्ट्यावर चार बोटं ठेवून बघितली आणि म्हणाली, "बरोब्बर एवढंच ओढलं होतं गं मी."